हवाबंद

४ मार्च

आज सकाळी हिने माझ्यापुढे चहा ठेवला, चहाशेजारी ही वही ठेवली आणि म्हणाली, "नव्या धंद्याबद्दल जे काही सांगायचं असेल ते यात लिहा. माझे कान किटले." हिचे कान नेहमीच किटलेले असतात, पण कल्पना वाईट नाही. मोठमोठ्या उद्योगांची सुरुवात कशी झाली ते पुढे कोणालाच धड आठवत नाही, कारण त्या वेळी कोणी लिहून ठेवलेलं नसतं. माझ्या बाबतीत तसं व्हायला नको.

तर मी टाक्या बनवतो. स्टीलच्या, जाड पत्र्याच्या, वडिलांनी सुरू केलेल्या कारखान्यात. ही त्याला शेड म्हणते. आमच्या टाकीतून पाणी तर सोडाच, पाण्याचा वाससुद्धा बाहेर येत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची. मग प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या. लोक आता गळकी वस्तू स्वस्तात घेतात, दोन वर्षांनी फेकतात आणि त्याला सोय म्हणतात. आमच्याकडे काम इतकं कमी झालं की महिन्यापूर्वी जेवताना मौनी म्हणाली, "बाबा, मी विचार करतेय की दुसरीकडे कुठेतरी..." तिचं वाक्य पुरं होण्याआधीच माझ्या सगळं लक्षात आलं. बापाच्या कारखान्यात काम नाही म्हणून पोरगी बिचारी परक्याच्या दारात उभी राहणार. मी तिथल्या तिथे ठरवलं, असं होऊ द्यायचं नाही.

मौनी ही आमची एकुलती एक लेक. बोलायला उशिरा लागली, लागली तेही बेताचंच, म्हणून हे नाव पडलं ते पडलंच. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकली. शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या हातात वेल्डिंगचा चिमटा दिला, आणि आता तिचा सांधा माझ्या सांध्यापेक्षा सरळ येतो. अशी जोडीदार घरात असताना तिला बाहेर कशाला जाऊ देऊ?

म्हणून हा नवा धंदा, जिवंत मासे वाहून नेण्याचा. शहराबाहेर एक हॅचरी आहे. तिथे अंड्यांतून माशांची पिल्लं काढतात आणि बोटाएवढी झाली की तलावात, धरणात सोडायला पाठवतात. त्या पिल्लांना बोटुकली म्हणतात. हॅचरीवाल्या बाईंची ओळख मौनीमुळेच झाली. सुट्टीच्या दिवशी ही पोरगी तिकडे जाऊन बसते, मासे बघायला म्हणे. बाईंना डोंगरापलीकडच्या धरणात बोटुकली पाठवायची आहे, पण लांबच्या रस्त्यात ती मरते. मी म्हटलं, टाकी माझी, टेंपो माझ्या मेहुण्याचा, मासे तुमचे. बाईंनी चाचणीला तीन खेपा दिल्या आहेत. मासे जिवंत पोचले तर वर्षभराचं काम, आणि मौनीला कुठे जायला नको.

७ मार्च

टाकी तयार झाली. आत कोपरे गोल ठेवले आहेत, म्हणजे वळणावर बोटुकली आपटून जखमी होणार नाही. ही कल्पना मौनीची, मी मंजूर केली. तळाशी बारीक भोकांची नळी आहे, तिच्यातून सिलिंडरमधला ऑक्सिजन पाण्यात सुटेल.

झाकणाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. चारी बाजूंनी रबरी पट्टी, तिच्यावर बोल्ट. आत दाब फार वाढला तर सुटायला एक इवलीशी झडप, बाकी सगळं हवाबंद. लोक उघड्या पिंपांतून मासे नेतात आणि विकत घेतलेला ऑक्सिजन आभाळाला दान करतात. माझ्याकडे तो धंदा नाही.

संध्याकाळी आक्का बघायला आली. आक्का माझी थोरली बहीण. शाळेत विज्ञान शिकवायची, निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे असते, आणि निवृत्त फक्त शाळेतून झाली आहे. तिने टाकीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "आत काय जातं ते कळलं. मासे जे बाहेर टाकतील त्याचं काय?"

"त्याची काळजी नको. बोटुकलीला आधी उपाशी ठेवतात. पोट रिकामं म्हणजे घाण नाही."

"अरे, मी ते नाही विचारत."

मौनीसुद्धा काहीतरी म्हणायला लागली होती. पण मी त्या दोघींना बोल्ट समोरासमोरचे कसे आवळायचे ते दाखवत होतो, आणि ते काम एकदा सुरू केलं की मध्ये थांबता येत नाही, नाहीतर पट्टी एका बाजूला सरकते.

११ मार्च

पहिली खेप झाली. जे घडलं ते घडलं तसं लिहितो.

पहाटे हॅचरीवर टाकी भरली. बोटुकली पाण्यात उतरली तेव्हा चांदीच्या चुऱ्यासारखी दिसत होती, मलासुद्धा थांबून बघावंसं वाटलं. मेहुणा गाडीवर, मध्ये मी, खिडकीशी मौनी. अर्ध्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा मौनी म्हणाली, "बाबा, एकदा झाकण उघडून बघू या का?"

"उघडायचं नाही. उघडलं की ऑक्सिजन गेला."

"पण मला वाटतं की आत..."

मी तिला समजावलं की दम धरायला शिकलं पाहिजे. धंद्यात सारखं झाकण उघडून बघणारा माणूस कधी मोठा होत नाही. मेहुणा चहात बघून हसत होता, कशाला ते कळलं नाही.

धरणावर झाकण उघडलं तर निम्मी बोटुकली कुशीवर पडलेली. कल्ले ताणून उघडे, तोंडं उघडी, हालचाल नाही. कितीतरी मेलीच होती. बाई त्यांच्या जीपने आधीच पोचल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी मौनीला बाजूला घेतलं आणि तिने वाटेत काय काय बघितलं ते बराच वेळ विचारत राहिल्या. मी कारणं सांगायला गेलो तर म्हणाल्या, "एक मिनिट, यांचं होऊ द्या." मुरलेली व्यापारी माणसं अशीच असतात, घरच्या माणसांना बोलतं करून आपल्याला जोखतात. मौनीने आपली बाजू चांगली मांडली असावी, कारण निघताना बाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "मी म्हटलं त्यावर विचार कर." वर्षभराच्या कामाबद्दलच असणार.

कारण उघड आहे, ऑक्सिजन कमी पडला. उपायही उघड आहे.

१२ मार्च

दुसरा सिलिंडर आणला. रबरी पट्टी दुप्पट जाडीची बसवली. पाण्यात ऑक्सिजन किती आहे ते दाखवणारं मीटरसुद्धा घेतलं, झाकण न उघडता केबिनमध्ये बसून वाचता येतं. मौनी दिवसभर गप्प होती. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाली, बरं आहे. पहिल्या अपयशाने ती खचली आहे. मी जेवताना तिला धीराच्या चार गोष्टी सांगितल्या, आक्का झोपायला गेली तरी सांगत होतो.

१६ मार्च

आज काही लिहू नये असं वाटत होतं.

काटा वाटभर भरपूर दाखवत होता. भरपूर म्हणजे तळ्यातल्या पाण्यात असतो त्याच्या कितीतरी वर. मी दर थोड्या वेळाने मोठ्याने वाचून दाखवत होतो, वर काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही, असंही सांगत होतो. घाटाखाली चाक पंक्चर झालं. मी आणि मेहुणा जॅक लावत होतो तेवढ्यात मौनीने मला न विचारता झाकण उघडलं. मी धावत मागे गेलो तर ही बादलीने पाणी उचलते आहे आणि वरून परत आत ओतते आहे, पुन्हा पुन्हा, पाणी नुसतं खळाळतंय.

"हे बघा बाबा, कुशीवर पडले होते, ते सरळ होतायत."

"तू ऑक्सिजन उडवून लावतेयस!"

"मीटर बघा ना. ऑक्सिजन आहेच. तरी ते पडले होते. म्हणजे दुसरं काहीतरी..."

मी झाकण बसवलं, बोल्ट आवळले. माझा आवाज चढला होता. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन माणसांनी वळून बघितलं.

धरणावर जवळजवळ सगळी बोटुकली आडवी होती आणि मीटरचा काटा मात्र ताठ उभा. मी पायरीवर बसलो. मीटर खोटं बोलत नाही. मासे काही मुद्दाम मरत नाहीत. माझ्या टाकीला कुठे सुईच्या टोकाएवढीसुद्धा फट नाही. मग चूक कोणाची? मला खरोखर कळेना, आणि मला न कळण्याची सवय नाही.

बाई म्हणाल्या, "तिसरी खेप देते. शब्द दिलाय म्हणून. पण या वेळी काय करायचं ते हिला ठरवू द्या." असं म्हणून त्यांनी मौनीकडे बोट दाखवलं. परतताना कोणी बोललं नाही. मीसुद्धा नाही. मेहुण्याने दोनदा विचारलं, "दाजी, बरं आहे ना?"

ही खेप गेली तर मौनी जाणार. एवढं मला कळतं.

१७ मार्च, रविवार

आज सगळं स्पष्ट झालं. मला कळायला फार वेळ लागला नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर आक्काने भांडी बाजूला सारायला लावली आणि मला म्हणाली, "श्वास धर बघू." मी म्हटलं, हा काय पोरखेळ. ती म्हणाली, "जमत नसेल तर राहू दे." आता जमत नाही म्हटल्यावर काय करणार? छाती भरून श्वास घेतला आणि धरला. आधी मजेत होतो, मेहुण्याकडे बघून भुवया उडवल्या. मग कान तापले. मग छातीत कोणीतरी आतून धक्के मारायला लागलं, आणि शेवटी फुस्सकन सुटला. ही पदर तोंडाला लावून हसत होती.

"ऑक्सिजन संपला का रे?" आक्काने विचारलं.

"संपलाच असणार."

"नाही संपला. फुप्फुसात अजून पुष्कळ होता. आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर जायला वाट मागत होता. तोंड उघडल्यावर तू पहिल्यांदा काय केलंस? श्वास घेतलास की सोडलास?"

आठवून बघितलं. सोडला होता.

मौनी हळूच म्हणाली, "बाबा, सुटकेचा नि:श्वास आपण टाकतो. घेत नाही."

मग आक्काची शाळा भरली. रक्तात लाल पेशी असतात, त्यांच्यात हिमोग्लोबिन नावाचं लोह असलेलं द्रव्य. फुप्फुसात, किंवा माशाच्या कल्ल्यांत, ते ऑक्सिजनला धरतं आणि अंगभर नेऊन सोडतं. मी म्हटलं, हे मला माहीत आहे.

"अर्धं माहीत आहे. तेच रक्त परत कसं येतं?"

"रिकामं."

इथे मेहुणा मोठ्याने हसला. "दाजी, गाडी रिकामी परत आणत बसलो असतो तर आज इथे जेवायला नसतो आलो. परतीचं भाडं मिळालं तर धंदा."

"शाबास," आक्का त्याला म्हणाली. ती मला आजवर कधी शाबास म्हणालेली नाही. "रक्तही रिकामं परतत नाही. अंगात जो कार्बन डायऑक्साइड तयार होतो तो भरून घेतं. थोडा हिमोग्लोबिनला चिकटून येतो, बराचसा रूप बदलून रक्ताच्या पाण्यात विरघळून येतो. कल्ल्यांपाशी पोचला की पुन्हा वायू होतो आणि बाहेरच्या पाण्यात उतरतो. आता सांग, बाहेरचं पाणी त्याच वायूने आधीच भरलेलं असलं तर?"

"गोदाम भरलं असेल तर माल उतरत नाही," मेहुणा म्हणाला. "गाडी दारात उभी."

"आणि दारात अडकलेल्या गाडीत नवा माल?"

"कुठे भरणार?"

"तसंच. शिवाय हा वायू साचला की रक्त आंबट होतं, आणि आंबट रक्तात हिमोग्लोबिनची पकड सुटते. भोवती ऑक्सिजनचा समुद्र असला तरी माशाला तो धरता येत नाही."

मी म्हटलं, पुरावा काय? तेव्हा मौनी उठली आणि तिच्या खोलीतून दोन बाटल्या घेऊन आली. एकीत हॅचरीचं पाणी, दुसरीत कालच्या खेपेचं टाकीतलं, धरणावर पोचताच झाकण उघडल्या उघडल्या काठोकाठ भरून बूच लावलेलं. आक्काने आदल्या रात्री भिंतीच्या रंगाचा चुना पाण्यात कालवून ठेवला होता. वरची निवळी तिने दोन ग्लासांत ओतली, शाळेत करायची तशी. हॅचरीच्या पाण्याने निवळी जराशी धुरकट झाली. माझ्या टाकीच्या पाण्याने ती पार दुधासारखी पांढरी झाली.

तर इथे घोडं पेंड खात होतं. मी मासे त्यांच्याच उच्छ्वासात कोंडून नेत होतो. जितका ऑक्सिजन वाढवला आणि जितकं झाकण आवळलं, तितका आतला वायू आतच राहिला. एका अर्थाने हा माझ्या कारागिरीचा विजयच म्हणायला हवा. दुसऱ्या कोणाची गळकी टाकी असती तर वायू कुठून तरी निसटला असता आणि मासे जगले असते. हे मी बोलून दाखवलं तर आक्काने चष्मा काढून डोळे चोळले.

"मी अकरा तारखेलाच चहाच्या टपरीवर..." मौनी म्हणाली.

"हो हो, तुझंही म्हणणं साधारण असंच होतं," मी म्हटलं. श्रेय द्यायला मी कधीच मागेपुढे बघत नाही.

१९ मार्च

आज झाकणाला भोकं पाडली. लिहायला सोपं आहे. ड्रिल पत्र्यावर टेकवलं आणि हात पुढे जाईना. टाकीला भोक पाडायचं म्हणजे आमच्या घरात काय, ते वडील असते तर त्यांनी सांगितलं असतं. शेवटी मौनीला विचारलं, "कुठे पाडू?"

मला वाटतं हा प्रश्न मी तिला पहिल्यांदाच विचारला असेल. तिने खडूने खुणा केल्या आणि सांगायला लागली. भोकांवर वाकड्या नळकांड्या बसवायच्या, म्हणजे हवा खेळेल पण पाणी उसळून बाहेर येणार नाही. तळाशी बारीक बुडबुड्यांची नळी राहू दे, पण ऑक्सिजन अगदी बेताचा सोडायचा. तिच्याशेजारी एक जाड नळी टाकायची आणि टेंपोच्या बॅटरीवर हवेचा पंप लावून साधी हवा घुसवायची. मोठे बुडबुडे वर येताना पाणी ढवळतात आणि साचलेला वायू बाहेर काढतात. मासे कमी भरायचे. वाटेत थांबून बघायचं. तिने हे सगळं कधी ठरवलं कोण जाणे. ती बोलत होती आणि मी भोकं पाडत होतो. ड्रिलच्या आवाजात मला मध्ये बोलता येत नव्हतं, त्यामुळे तिचं सगळं सांगून झालं.

नळकांड्या तिने जोडल्या. सांधा सरळ, एकसारखा. मी शेजारी उभा राहून दिवा धरला.

२३ मार्च

पोचली. सगळी पोचली! चार-सहा गेली असतील, तेवढी तर हॅचरीतही जातात. वाटेत दोनदा थांबलो, दोन्ही वेळा मौनीने झाकण उघडून बघितलं आणि मी रस्त्याकडे बघत उभा राहिलो. धरणावर टाकीच्या पाण्यात थोडंथोडं धरणाचं पाणी मिसळलं, मग बोटुकली सोडली. काठाशी क्षणभर घोळका करून राहिली आणि एका झटक्यात खोल गेली. मेहुण्याने शिट्टी मारली. मी डोळे पुसले, उन्हाने पाणी येतं.

बाई म्हणाल्या, वर्षभराचं काम तुमचं. मी त्यांना आमच्या टाकीची वैशिष्ट्यं सांगत होतो तेवढ्यात त्या मौनीकडे वळल्या. "मग? घरी सांगितलंस का?"

"आज सांगते," मौनी म्हणाली.

मला वाटलं, कामाची बातमी. बातमी तर मी तिथेच उभा राहून ऐकत होतो.

परतताना घाट उतरून सपाटीला लागलो आणि ती बोलायला लागली. बाई तिला हॅचरी सांभाळायला बोलावतायत. अंडी, पिल्लं, पाणी, सगळं तिच्या हाती. राहायचं तिथेच. हे आजचं नाही, गेल्या वर्षीपासून तिच्या मनात आहे. महिन्यापूर्वी जेवताना ती तेच सांगत होती. काम नाही म्हणून नव्हे. तिला जायचं होतं म्हणून.

मी तोंड उघडलं. मेहुण्याने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की ते पुन्हा मिटलं. नंतरही तीन-चारदा उघडलं आणि मिटलं. छातीत परवासारखेच धक्के बसत होते, पण या वेळी धरून ठेवलं.

ती म्हणाली, "बाबा, मला टाक्या आवडतात. पण माशांकडे बघत बसले की मला दिवस कसा गेला ते कळत नाही. तुम्ही तर हा सगळा धंदाच माझ्यासाठी काढलात. मग मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? पहिली खेप गेली तेव्हा मला वाटलं, बरं झालं, आता हे बंद पडेल आणि मी मोकळी होईन. मग असं वाटलं म्हणून रात्रभर रडले. म्हणून दुसऱ्या वेळी झाकण उघडलं. मला तुमचे मासे जगवायचे होते, आणि जायचंही होतं."

पोरगी इतकं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. गावाची वेस आली तरी ती बोलत होती. मेहुणा मुद्दाम हळू चालवत होता, एरवी हा माणूस रिकाम्या रस्त्यावर कोणाचं ऐकत नाही.

घराशी उतरताना मी एवढंच विचारलं, "कधी जायचंय?"

"पहिल्या तारखेला म्हणतात."

"बरं," मी म्हटलं.

२४ मार्च

रागात लिहितो आहे. हिला माहीत होतं. आक्काला माहीत होतं. मेहुण्यालासुद्धा माहीत होतं. घरात मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. हिला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"ती सांगेल म्हणून थांबले."

"मग तिने का नाही सांगितलं?"

ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिने सांगितलं. पाचदा तरी सांगायला आली. तुम्ही दर वेळी पुढचं तिला सांगून टाकलंत."

मी आक्काकडे दाद मागायला गेलो. तिने नुसतं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. शिक्षकांची ही सवय फार वाईट.

कारखान्यात जाऊन बसलो. काम नव्हतं, तरी बसलो. मला वाटत होतं, मी या पोरीला काय कमी केलं? काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही. मग वाटलं, हे वाक्य मी हल्लीच कुठेतरी मोठ्याने म्हटलंय, मीटर वाचताना. पुढे विचार केला नाही. डोकं दुखायला लागलं.

संध्याकाळी मौनी आली आणि शेजारी बसली. मी म्हटलं, "जा. पण मला वाईट वाटणार आहे, ते वाटू नये असं म्हणू नकोस."

"नाही म्हणत," ती म्हणाली.

१ एप्रिल

मौनी गेली. खेप होतीच, तिला टेंपोतूनच नेलं. तिची खोली छोटी आहे, खिडकीतून पिल्लांची कुंडं दिसतात. मी खिडकीची कडी बघितली, सैल होती, घट्ट करून दिली. मग आणखी काय काय बघायला लागलो तर बाई म्हणाल्या, चहा घ्या. बोटुकली भरली, मेहुण्याबरोबर पुढे धरणावर गेलो. झाकण मीच उघडून बघितलं, दोनदा. सगळी ठीक होती. काम चांगलं चाललं आहे आणि पुढेही चालेल, त्याबद्दल मला शंका नाही. मुलगी घरात नाही हे फार जड जातं आहे, तेही खरं आहे.

जेवायला बसणार तेवढ्यात तिचा फोन आला. नेहमी आईला करते, आज मला केला. कसं काय, जेवलीस का, खोली गार आहे का, असं सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. मी म्हटलं, "बोल." आणि ती बोलली. पहिल्या दिवसाचं, पाण्याचं, रात्री फुटणार असलेल्या अंड्यांचं, मग लहानपणीच्या एका गोष्टीचं, मग माझ्याबद्दलचंसुद्धा, त्यातलं काही ऐकायला कठीण होतं. मी हं म्हणत राहिलो. हिने दोनदा येऊन ताटाकडे बोट दाखवलं, मग माझं ताट झाकून ठेवलं आणि समोर बसून राहिली.

फोन ठेवल्यावर हिने विचारलं, "काय म्हणाली?"

"पुष्कळ," मी म्हटलं.

"काय पुष्कळ?"

मी हिला सांगितलं नाही, आणि इथेही लिहीत नाही. ते तिने मला सांगितलेलं आहे.